फेन्स बदलूनही साइटचा चिखल रस्त्यावर येतच राहतो, तेव्हा काय तपासावे

पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधकामाच्या फाटकासमोर चिखलाचा थर पसरलेला असतो, पावसाळी गटाराच्या चेंबरची जाळी बुजलेली असते आणि शेजारच्या सोसायटीतील कोणीतरी फोटोसह तक्रार केलेली असते. मग टँकर बोलावून रस्ता धुतला जातो, धुतलेला चिखल त्याच चेंबरमध्ये जातो, फाटलेली सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवण्यासाठी उताराच्या पायथ्याला खुंटांवर उभे ताणलेले कापड, बदलली जाते आणि नोंदवहीत ‘दुरुस्ती पूर्ण’ असा शेरा पडतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा जोराचा पाऊस होतो आणि हे सगळे पहिल्यापासून सुरू होते. नाशिकच्या पश्चिमेकडील उतारावर, जिथले ओहोळ पुढे नासर्डीला आणि तिच्यातून टाकळीजवळ गोदावरीला मिळतात, अशा एका बेसमेंट असलेल्या साइटवर मी दोन पावसाळे धूप-नियंत्रणाची पाहणी केली. पहिल्या पावसाळ्यात मी स्वतः तीन वेळा ‘फेन्स फाटली आहे, बदलावी’ असे लिहून सही केली. तिन्ही वेळा ती बदलली गेली आणि तिन्ही वेळा पुन्हा फाटली. दोष फेन्समध्ये नव्हता, हे समजायला मला दुसरा पावसाळा उजाडावा लागला.

चिखल कधी दिसतो आणि कोणत्या रंगाचा आहे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी निदान दोन पावसांत चिखलाची वेळ आणि रंग लिहून ठेवावा, कारण एवढ्या दोन नोंदींवरून निम्मे निदान होते. पाऊस चालू असतानाच फाटकातून गढूळ पाण्याचा लोंढा येत असेल, तर ते उघड्या जमिनीवरून वाहणारे पाणी आहे. पाऊस थांबून ऊन पडल्यावर, किंवा पहाटे कोणाचे लक्ष नसताना, चेंबरजवळ ओला पट्टा दिसत असेल, तर बेसमेंटच्या खोदाईतील पाणी मोटर लावून बाहेर सोडले जात आहे. चिखल फाटकापासून दूरवर, चाकांच्या दोन पट्ट्यांत गेलेला असेल, तर तो हायवा डंपर आणि काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरच्या टायरांनी नेलेला आहे आणि त्याचा फेन्सशी काहीही संबंध नाही.

रंगाचेही तसेच आहे. आपल्याकडे वरचा थर काळ्या मातीचा, त्याखाली पिवळसर-तांबूस मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, असा क्रम बहुतेक ठिकाणी सापडतो. रस्त्यावरचा चिखल काळा असेल तर तो साठवलेल्या वरच्या मातीच्या ढिगातून आलेला असतो, पिवळसर किंवा तांबूस असेल तर खोदाईतून किंवा भरावातून, आणि करडा-पांढरट असेल तर कुठेतरी मिक्सर धुतला गेला आहे असे समजावे. शेवटचा प्रकार धुपीचा नाही, परंतु ते पाणी अतिशय अल्कधर्मी असते आणि ते गटारात जाता कामा नये, म्हणून मिक्सर धुण्यासाठी प्लास्टिक अंथरलेला स्वतंत्र खड्डा करून तो विषय तिथेच मिटवावा.

आमच्या साइटवरचा चिखल काळा होता आणि तो पाऊस चालू असतानाच येत होता. ढीग फाटकापासून बरेच आत होते. मग त्यांची माती वाहून बाहेर आणण्याइतके पाणी आले कुठून, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडायला हवा होता.

पाणी आत कुठून शिरते

या प्रश्नाचे उत्तर मला नोंदवहीतून मिळाले नाही. ते रात्रपाळीच्या वॉचमनकडून मिळाले. वयाने मोठा असलेल्या या गृहस्थाला सगळे ‘नाना’ म्हणतात. जुलैमधल्या एका संध्याकाळी मी पाऊस सुरू होताना साइटवर पोहोचलो आणि फाटकापाशी उभा राहून फेन्सकडे पाहत होतो, तेव्हा नाना म्हणाले, “साहेब, इथं काय बघता? पाणी तर मागच्या भिंतीखालून येतंय. रात्री आवाज येतो ना त्याचा.” आम्ही दोघे छत्री घेऊन लोंढ्याच्या उलट दिशेने चालत गेलो: फाटक, रॅम्प, सळईचा साठा, मातीचे दोन ढीग आणि त्यांच्यामागे पत्र्याचे कुंपण. कुंपणाच्या खालच्या कडेशी हातभर रुंदीची घळ पडली होती आणि तिच्यातून पाणी आत येत होते. सांगण्यासारखी गोष्ट अशी की, कुंपणापाशी ते पाणी जवळपास स्वच्छ होते. दोन ढिगांच्या मधून वाहून बाहेर पडेपर्यंत ते काळे झाले.

मागची जमीन चढावर आहे. पूर्वी आमचा प्लॉट शेत होता आणि वरच्या हद्दीला मातीचा बांध आणि त्याला लागून चर होता, जो वरचे पाणी बाजूच्या ओहोळाकडे वळवत असे. साइट साफ करताना जेसीबीने पहिल्याच दिवशी तो बांध सपाट केला, कारण आराखड्यात त्या जागी काहीच दाखवलेले नव्हते. गाव नकाशावर बाजूचा ओहोळ स्पष्ट दिसतो, पण खोदाईच्या आधी तो नकाशा कोणी उघडला नव्हता, मीही नाही.

या पाण्याचे प्रमाण किती असते, याचा हिशेब प्रत्येक पाहणी करणाऱ्याने एकदा तरी कागदावर मांडावा. वरची जमीन एक एकर, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर धरली, तासाभरात ४० मि.मी. पाऊस पडला आणि त्यातले निम्मे पाणी वाहून आले, तर ते सुमारे ८१ घनमीटर होते. दहा हजार लिटरचे आठ टँकर एका तासात मागच्या भिंतीतून आत रिकामे केले, असा त्याचा अर्थ आहे. आमचा गाळ साठवण्याचा खड्डा ३ मीटर बाय ३ मीटर आणि दीड मीटर खोल होता, म्हणजे साडेतेरा घनमीटरचा. तो दहा मिनिटांत भरत होता, आणि पुढची पन्नास मिनिटे पाणी फेन्सवर आदळत होते. कोणत्याही कंपनीचे कापड लावले असते तरी ते टिकले नसते.

पाणलोटाचे काम करणारे लोक ‘माथा ते पायथा’ म्हणतात, आणि दिंडोरी-इगतपुरीच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. बांधकामाच्या साइटवर मात्र आपण नेमके पायथ्याला कापड ताणून बसतो.

उपाय म्हणून वरच्या हद्दीला बांध आणि चर पुन्हा काढला. बांध काळ्या मातीचा न करता मुरुमाचा केला आणि थर देऊन दाबला, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच पावसात त्या भेगांतून पाणी शिरून बांध बसतो. चराला शंभर मीटरला एक मीटर इतकाच उतार दिला. जिथे उतार त्याहून जास्त होता, तिथे चरात अनघड दगडांचे फूटभर उंचीचे आडवे बांध घातले, आणि त्यांच्यातील अंतर असे ठेवले की खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत येईल. २ टक्के उतारावर हे अंतर साधारण १५ मीटर येते. काळा दगड नाशिकमध्ये कुठेही मिळतो आणि आमच्याकडे तर तो खोदाईतूनच निघत होता. चराचे तोंड जुन्या ओहोळात सोडले आणि तिथे दगड पसरले, नाहीतर तोंडाशीच नवी घळ पडते. हे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलले जाणार नाही याची खात्री मात्र आधी करून घ्यावी, कारण तसे झाल्यास तुमची तक्रार फक्त एका प्लॉटने पुढे सरकते.

हिरवी जाळी म्हणजे सिल्ट फेन्स नव्हे

वरचे पाणी वळवल्यानंतर आता फेन्सची पाहणी करण्यात अर्थ आहे, आणि इथे सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे इमारतीला धुळीसाठी लावतात तीच हिरवी जाळी बांबूंना बांधून तिला सिल्ट फेन्स म्हणणे. तिची छिद्रे डोळ्यांना दिसतात. तिच्यात पालापाचोळा आणि थर्माकोल अडकतो, माती अडकत नाही. जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे, कापड असले तरी ते जमिनीत किमान १५ सेंटिमीटर चरात गाडून वरून माती दाबलेली असली पाहिजे. पाहणीची सोपी रीत अशी की, खालची कड हाताने ओढून पाहावी; ती वर आली तर त्या फेन्सखालून पाणी जात आहे, वर कितीही नीट ताणलेली असो. खुंट उताराच्या खालच्या बाजूला असावेत, म्हणजे पाण्याचा दाब कापडाला खुंटांवर टेकवतो. फेन्स शक्यतो समपातळीवर चालवावी आणि दोन्ही टोके चढाच्या दिशेने वळवावी, कारण सरळ सोडलेल्या टोकाला वळसा घालून पाणी निघून जाते आणि मधले कापड कोरडे राहते.

गाळ साचून फेन्सची उंची निम्मी भरण्याच्या आत तो काढावा, आणि काढलेला गाळ फेन्सच्या पलीकडे फेकू नये. हे वाचून हसू येईल, पण फावड्याने तसा फेकताना मी मजुरांना पाहिले आहे. त्यांना काम सांगताना गाळ कुठे टाकायचा हे कोणी सांगितलेलेच नव्हते. ज्या ठिकाणी पाणी एकवटून वाहते, तिथे फेन्स लावूच नये. ती पसरून येणाऱ्या उथळ पाण्यासाठी असते आणि ३० मीटर लांबीच्या फेन्समागे पाव एकरापेक्षा जास्त जमिनीचे पाणी देऊ नये, असे मानले जाते.

चेंबरच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचणे ही शेवटची संरक्षणफळी आहे, तिच्यावर विसंबू नये. गोण्यांमुळे रस्त्यावर पाणी तुंबले आणि शेजारच्या पार्किंगमध्ये शिरले, तर लोक त्या रात्रीच काढून टाकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

खड्ड्यातील पाणी निवळत नसेल तर

चर झाल्यावर लोंढा थांबला, पण खड्ड्यातून बाहेर पडणारे पाणी तरीही चहासारखे दिसत होते. ठेकेदाराचा उपाय ठरलेला होता, तो म्हणजे खड्डा आणखी खोल करणे. मी त्या पाण्याची एक लिटरची बाटली भरून साइट ऑफिसच्या टेबलावर ठेवली. मिनिटभरात तळाशी रेतीची रेघ बसली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्यावर दोन बोटे पोयट्याचा, म्हणजे रेतीहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा, थर आला आणि संध्याकाळी घरी निघताना वरचे पाणी तसेच गढूळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते पूर्ण निवळले नव्हते.

कारण कणांच्या आकारात आहे. स्थिर पाण्यात बारीक कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी होतो. ०.०२ मि.मी. व्यासाचा पोयट्याचा कण तासाला साधारण सव्वा मीटर खाली जातो, ०.००२ मि.मी.चा चिकणमातीचा कण तासाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर जातो, म्हणजे एक मीटर उतरायला त्याला तीन दिवसांहून अधिक लागतात, तेही पाणी अजिबात न हलता. आपल्या काळ्या मातीत असे कण भरपूर असतात. वाहत्या पाण्याच्या खड्ड्यात गाळ किती अडेल, हे मुख्यतः पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. खड्डा खोल केल्याने गाळ साठवायला जागा मिळते, निवळण्याला मदत होत नाही. म्हणून खड्डा रुंद आणि लांब करावा, आत येणारे आणि बाहेर जाणारे तोंड एकमेकांपासून शक्य तितके दूर ठेवावे, आणि मध्ये पत्र्याचा आडोसा देऊन पाण्याला वळसा घ्यायला लावावा. आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो की, अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या बांधकाम परवान्यात गाळ-तलावासाठी पाणी येणाऱ्या प्रत्येक एकरामागे ३,६०० घनफूट, म्हणजे सुमारे १०२ घनमीटर, साठा हा एक पर्याय दिलेला आहे. आमचा साडेतेरा घनमीटरचा खड्डा त्यापुढे रांजणासारखा होता.

तरीही उरलेली चिकणमाती तुरटीने बसवता येते. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवावी, म्हणजे त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी येते. गढूळ पाण्याच्या एक-एक लिटरच्या चार बरण्यांत हे द्रावण २, ५, ८ आणि १० मिलिलिटर घालून मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटे सावकाश ढवळावे आणि अर्धा तास हात लावू नये. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी निवळते ती मात्रा घ्यावी. ५ मिलिलिटर पुरेसे ठरले, तर साडेतेरा घनमीटरला ६७५ ग्रॅम तुरटी लागेल. मूठभर तुरटी अंदाजाने फेकण्याची सवय मोडावी, कारण जास्त तुरटीने पाणी आम्ल होते आणि सोडतेवेळी सामू (pH) ५.५ ते ९ यांच्या दरम्यान, तर तरंगते घनपदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असणे, ही भूपृष्ठावरील जलस्रोतांत सांडपाणी सोडण्याची केंद्रीय मानके आहेत. तळाचा गाळ ओहोळात जाऊ न देता वाळवून भरावात वापरावा.

बेसमेंटमधून पाणी उपसतानाही हेच लक्षात ठेवावे. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या पाइपचे पाणी ओढणारे तोंड, तळाच्या चिखलात पडलेला असेल तर मोटर गाळच उपसते. छिद्रे पाडलेले लोखंडी पिंप खडीत बसवून त्याच्या आत फुटव्हॉल्व्ह सोडावा आणि पाइपचे दुसरे तोंड चेंबरऐवजी निवळणीच्या खड्ड्यात ठेवावे. हा पाइप रात्री कोणीतरी पुन्हा चेंबरकडे वळवतो, म्हणून तो तारेने बांधून घ्यावा.

टायरांच्या चिखलाबद्दल थोडक्यात. फाटकाच्या आत १५ मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर जाड मोठ्या खडीचा पट्टा करावा आणि खडीखाली जिओटेक्स्टाइल अंथरावे. काळ्या मातीवर नुसती खडी टाकली तर ती महिन्याभरात खाली जाते आणि ठेकेदार म्हणतो की खडी चोरीला गेली.

नोंदवही पावसाशी जोडावी

वीस हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पाला केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (EIA) अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींचा अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तारखा पाहिल्या की लक्षात येईल की, आपला संपूर्ण पावसाळा या दोन अहवालांच्या मधल्या फटीत जातो. प्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई करणारे १९७४ च्या जल कायद्याचे कलम २४ मात्र बारा महिने लागू असते, आणि ओहोळ हासुद्धा त्याच्या दृष्टीने प्रवाहच आहे. त्यामुळे अहवालाच्या तारखेवर विसंबून पाहणी ठरवणे निरुपयोगी आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी परवान्यातील रीत मला पटते. तिथे पाहणी एक तर दर ७ दिवसांनी करायची, किंवा दर १४ दिवसांनी आणि शिवाय पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मि.मी. पाऊस झाल्यापासून २४ तासांच्या आत.

यासाठी पर्जन्यमापक साइटवरच हवा. नाशिकमध्ये त्र्यंबकेश्वरच्या बाजूला पाऊस वाढत जातो आणि निफाडकडे कमी होतो, त्यामुळे शहराचा आकडा आपल्या उतारावर खरा असेलच असे नाही. आमच्याकडे साधा प्लास्टिकचा मापक कुंपणापासून दूर, उघड्या जागेत खांबावर लावला आहे आणि हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे सकाळी साडेआठला नाना आकडा लिहितात. नोंदवहीत मी दोन रकाने वाढवले: ‘पाऊस चालू असताना पाहिले का’ आणि ‘पाणी आत कुठून आले’. दुसरा रकाना भरण्यासाठी वरच्या हद्दीपर्यंत चालत जावेच लागते, आणि तो वाढवण्यामागचा हेतूही तोच आहे.

सध्या फाटकासमोरचा रस्ता पावसानंतरही ओळखता येतो, फेन्स या हंगामात एकदाही बदललेली नाही, फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात थोडा मुरूम अजून धुपतो आहे. पुढच्या वर्षी मागच्या बाजूचा भराव सुरू झाला की तिथला उतार उलटा होईल आणि चराचे तोंड सुमारे वीस मीटर पश्चिमेला हलवावे लागेल. ती जागा मागच्या पत्र्यावर लाल रंगाने खूण करून ठेवली आहे आणि मे महिन्यात पोकलेन भाड्याने आणण्याच्या यादीत तिचे काम पहिले लिहिले आहे.